टेबलावरचा टेरिअर

टेरिअर कुत्र्यांबद्दल इंग्लंडमध्ये दीडशे वर्षे एक तक्रार चालत आलेली आहे. खोकडाच्या बिळात शिरून अंधारात त्याला तोंड देणारा हा चिवट, कामकरी कुत्रा डॉग शोंनी नासवला, अशी ती तक्रार. शिकारी मंडळींनी ती केली, शेतकऱ्यांनी केली आणि अलीकडे पशुवैद्यांनीही निराळ्या कारणासाठी केली. तिच्यात तथ्य आहे. पण तिच्यामागे जो इतिहास गृहीत धरलेला असतो, त्यात आधी शुद्ध जातीचा कामकरी टेरिअर होता आणि मग प्रदर्शनवाल्यांनी त्याला बिघडवले. पुरावा हा क्रम मान्य करत नाही. ज्याला आज आपण जात म्हणतो ती टेरिअरच्या बाबतीत बऱ्याच अंशी प्रदर्शनानेच घडवली. माझे म्हणणे असे आहे, की परीक्षकाचा हात जोवर त्याच्या डोळ्यावर वचक ठेवून होता तोवर परीक्षणाने टेरिअरचे रक्षणच केले. हात मागे पडून डोळा पुढे सरसावला तिथे कुत्रा बदलत गेला. आणि खरे मोठे नुकसान झाले ते जिथे हात आणि डोळा दोन्ही पोचत नव्हते तिथे, म्हणजे रक्तात.

प्रदर्शनाची सुरुवात सभ्य म्हणावी अशा जागी झालेली नाही. १८३५ च्या कायद्याने बैल आणि अस्वलांवर कुत्री सोडण्याचे खेळ बेकायदा ठरले, कुत्र्यांच्या झुंजींवरही बंदी आली, पण उंदीर मारण्याच्या पैजा लंडनच्या दारूगुत्त्यांत बिनदिक्कत चालू राहिल्या. लाकडी हौदात उंदीर सोडायचे, त्यात टेरिअर उतरवायचा आणि घड्याळ लावून पैसे लावायचे. जेमी शॉसारख्या गुत्तेवाल्यांकडे या पैजा लावणाऱ्या मंडळींच्या बैठकी भरत. तिथे कुत्री टेबलावर, मांडीवर घेऊन त्यांचा बांधा, रंग, डोके यांची चर्चा होई, त्यांची तुलना होई. १८५५ च्या सुमारास काढलेल्या अशा एका बैठकीच्या चित्रात हे दृश्य स्पष्ट दिसते. रीतसर पहिले प्रदर्शन जून १८५९ मध्ये न्यूकॅसलला भरले, तेही कोंबड्यांच्या प्रदर्शनाला जोडून, आणि त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर ही शिकारी कुत्री होती. बक्षीस म्हणून बंदुका ठेवल्या होत्या. पॉइंटरांच्या एका परीक्षकाचा सेटर जिंकला आणि सेटरांच्या एका परीक्षकाचा पॉइंटर. तेव्हा परीक्षकाच्या निःपक्षपातीपणाचा प्रश्न पहिल्याच दिवशी जन्माला आला होता. १८६० मध्ये बर्मिंगहॅमने दारे इतर जातींनाही उघडली. १८७३ मध्ये सिवॉलिस शर्लींच्या पुढाकाराने केनेल क्लब स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी त्याने मागच्या सर्व प्रदर्शनांची नोंद घेणारे पहिले स्टड बुक छापले. गुत्त्यातला टेरिअर आता छापील वंशावळीत आला.

त्याआधी टेरिअर म्हणजे काय होते? एक काम होते आणि ते काम करू शकणारी नाना आकारांची कुत्री होती. एका दरीत काळी-तांबूस, दुसऱ्या दरीत करड्या राठ केसांची, खाणकामगारांकडे एक तऱ्हा, हाउंडच्या कळपाबरोबर धावणारी दुसरी. डेव्हनचे धर्मोपदेशक जॉन रसेल यांनी १८१९ च्या सुमारास ऑक्सफर्डजवळ एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची कुत्री विकत घेतली, तेव्हा त्यांनी कागदपत्रे विचारली नव्हती. तशी कागदपत्रे कोणाकडेच नव्हती. १८६० च्या दशकात गाजलेल्या ओल्ड जॉक, ट्रॅप आणि टार्टर या तीन नरांपासून फॉक्स टेरिअरच्या विजेत्यांच्या वंशावळी मांडल्या जातात, पण त्यांच्या स्वतःच्या आईबापांबद्दल त्याच काळी वाद होते. १८७० च्या दशकात स्कॉच टेरिअर नक्की कोणाला म्हणावे यावर नियतकालिकांतून एवढे भांडण पेटले, की अखेर १८८० मध्ये त्याचे मानक, म्हणजे आदर्श कुत्र्याचे वर्णन, लिहून काढावे लागले. मायकेल वर्बॉइज आणि त्यांच्या दोन सहलेखकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासग्रंथाचा निष्कर्षही हाच आहे, की आजच्या अर्थाने कुत्र्याची जात ही व्हिक्टोरियन काळाची निर्मिती आहे. कागदाविना टेरिअर त्यानंतरही घरोघरी होतेच. मराठी घरांतल्या जुन्या तबकड्यांवर भोंग्यासमोर कान देऊन बसलेला जो कुत्रा असतो, तो १८८४ मध्ये ब्रिस्टलला जन्मलेला निपर, मिश्र रक्ताचा टेरिअरच होता. मात्र रिंगमध्ये जायचे तर त्याला नाव, बाप, आजा आणि मानक हवे होते.

फॉक्स टेरिअर क्लबचे १८७६ चे मानक त्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. त्यात सौंदर्याची भाषा आहे, पण तिच्याखाली बीळ आहे. नराचे वजन आधी वीस पौंड धरले होते, ते पुढे अठरावर आले, आणि त्यापलीकडे मजकुरात अनेक दशके फारसा बदल झाला नाही. छाती खोल पण रुंद नको, कारण रुंद छातीचा कुत्रा बिळात अडकतो. केस दाट आणि राठ हवेत, कारण मऊ केस भिजतात आणि चिखल धरतात. जबडा मजबूत हवा, पाठ आखूड हवी. हे सगळे लांबून दिसत नाही. म्हणून टेरिअर टेबलावर घेतला जातो आणि परीक्षक त्याला हाताने वाचतो. खांद्यांमागे दोन्ही पंजे घालून छाती कवेत येते का ते तो पाहतो. बॉर्डर टेरिअरच्या मानकात ही अट आजही स्पष्ट शब्दांत आहे, आणि जॅक रसेलच्या मानकात छातीचा घेर ४० ते ४३ सेंटिमीटर सांगितला आहे. केसांत बोटे घातली की ते खरेच राठ आहेत की कात्रीने आकार देऊन मऊ पडलेले आहेत हेही कळते, कारण मेलेले केस हाताने उपटून काढले तरच नवे राठ येतात. पांढरे दिसावे म्हणून चोपडलेला खडू बोटांना लागतो. हाताला फसवणे डोळ्याला फसवण्याइतके सोपे नाही, आणि या साध्या गोष्टीत टेरिअरच्या परीक्षणाचे सगळे बळ आहे असे मला वाटते.

डोळ्याचा जोर वाढला तो प्रदर्शने मोठी झाली तेव्हा. कुत्र्यांच्या बिस्किटांच्या कंपनीत काम करणाऱ्या चार्ल्स क्रफ्टने १८८६ मध्ये लंडनला फक्त टेरिअरांचे प्रदर्शन भरवले. त्यात ५७ वर्ग आणि सुमारे ६०० नोंदी होत्या. आजच्या क्रफ्ट्सची ती सुरुवात. न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर प्रदर्शनात १९०७ पासून सर्वांत श्रेष्ठ कुत्रा निवडण्याची पद्धत आली आणि पहिली तीनही वर्षे वॉरन रेमेडी ही आखूड केसांची फॉक्स टेरिअर जिंकली. आता एका जातीची तुलना दुसऱ्या जातीशी व्हायची होती, आणि तीही गर्दीसमोर. अशा वेळी जो कुत्रा ताठ उभा राहतो, मान उंच ठेवतो, ज्याची रेषा दूरच्या बाकावरून उठून दिसते, तो पुढे जातो. जुन्या चित्रांतल्या फॉक्स टेरिअरचे डोके आणि गेल्या शतकातल्या विजेत्यांचे डोके शेजारी ठेवले की फरक लपत नाही. तोंड लांबट आणि अरुंद होत गेले, पायांवरच्या केसांची सजावट वाढली. १९२९ मध्ये चित्रकथेतल्या टिनटिनबरोबर त्याचा कुत्रा स्नोई अवतरला तोवर राठ केसांचा फॉक्स टेरिअर युरोपभर शहरी घरातला देखणा साथीदार झाला होता.

डोळ्याने केलेल्या हानीचा सर्वांत बोलका पुरावा कानांचा आहे. काळ्या-तांबूस मँचेस्टर टेरिअरचे आणि पांढऱ्या इंग्लिश टेरिअरचे कान कापून टोकदार करण्याची रीत होती. कात्री असल्यामुळे जन्मजात कान कसे आहेत याकडे पैदास करणाऱ्यांनी लक्षच दिले नाही. एका खटल्यानंतर आणि लोकमताच्या दडपणाखाली केनेल क्लबने १८९८ पासून कापलेल्या कानांवर बंदी घातली, आणि झाकलेला दोष एकदम उघडा पडला. मँचेस्टरची लोकप्रियता ओसरली. पांढरा इंग्लिश टेरिअर आधीच नाजूक होता, त्यात बहिरेपणा फार होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती जात संपली. बंदी योग्यच होती. तिने हेही सिद्ध केले, की रिंगचा एक नियम थोड्याच वर्षांत जातीचे नशीब फिरवू शकतो. ज्यांच्याकडे एवढी सत्ता आहे त्यांनी आम्ही फक्त मानक वाचतो असे म्हणून चालत नाही.

आता आक्षेप. कामकरी टेरिअरचे कैवारी म्हणतील, की हात असो वा डोळा, रिंगच नको. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या जॅक रसेल टेरिअर क्लबने केनेल क्लबच्या मान्यतेला याच भीतीने विरोध केला. तरीही रसेलांच्या नावाची एक शाखा १९९० मध्ये आणि दुसरी २०१६ मध्ये नोंदवहीत गेली. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. धैर्य, अक्कल, बिळात खोकडाला न मारता भुंकत रोखून धरण्याचा संयम यांतले काहीच टेबलावर मोजता येत नाही. पण विरोध करणारे हे क्लबही स्वतःची प्रदर्शने भरवतात, त्यांत छातीला कव घालून निवाडा करतात आणि बक्षिसे देतात. स्वतः जॉन रसेल केनेल क्लबच्या संस्थापक सदस्यांत होते आणि १८७४ मध्ये क्रिस्टल पॅलेसला त्यांनी फॉक्स टेरिअरांचे परीक्षण केले, जरी आपली कुत्री त्यांनी रिंगमध्ये कधी नेली नाहीत. म्हणजे परीक्षण टाळणे कोणालाच जमलेले नाही. वाद आहे तो फक्त कशाचे परीक्षण करायचे याचा.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येतो आणि तो जास्त गंभीर आहे. ज्या कामाची एवढी थोरवी गायची ते काम तरी काय? जमिनीखाली कोंडलेल्या प्राण्यावर कुत्रा सोडणे. इंग्लंड आणि वेल्ससाठी २००४ मध्ये झालेल्या कायद्याने कुत्र्यांनी खोकडाची शिकार बेकायदा ठरवली आणि बिळात टेरिअर सोडायला अगदी अरुंद सूट ठेवली. मग बिळाच्या मापाचे मानक कशाला जपायचे? माझे उत्तर असे, की ते माप जपण्याचे कारण आता शिकार उरलेले नाही. ते माप कुत्र्याच्या शरीराला लगाम घालते. २०१२ मध्ये क्रफ्ट्सने ज्या पंधरा जातींच्या विजेत्यांची स्वतंत्र पशुवैद्याकडून तपासणी सक्तीची केली, त्यांत बुलडॉग होता, पग होता, पेकिनीज होता. टेरिअर गटातली एकही जात नव्हती. बुलडॉगचे काम १८३५ मध्ये गेले आणि त्याच्या शरीराला मर्यादा घालणारे मापही गेले. टेरिअरजवळ ते राहिले, म्हणून त्याला श्वास घेता येतो, धावता येते.

या समाधानावर मात्र थांबता येत नाही. १९२० च्या दशकात टालाव्हेरा सायमन नावाचा एक नर राठ केसांच्या फॉक्स टेरिअरमध्ये इतका वापरला गेला, की पुढच्या पिढ्यांच्या वंशावळीत त्याचे नाव पुन्हा पुन्हा भेटते. नोंदवही बंद, विजेत्याला मागणी, आणि प्रत्येक पिढीत तेच रक्त. बेडलिंग्टन टेरिअरमध्ये याचे फळ दिसले. मेंढीसारख्या दिसणाऱ्या या गोड कुत्र्याच्या यकृतात तांबे साठत जाते आणि तो मरतो, हे १९७० च्या दशकात कळले, तोवर दोष जातीत खोलवर पसरला होता. असे कुत्रे टेबलावर निर्दोष उभे राहिले असतील, परीक्षकाचे हात त्यांच्यावरून फिरले असतील. २००२ मध्ये त्यामागचे जनुक सापडले आणि चाचणी करून जोड्या लावता येऊ लागल्या. केनेल क्लबने २००९ पासून आईबाप-पिल्लू आणि सख्ख्या भावंडांच्या संकरातली पिल्ले नोंदवणे बंद केले. दोन्ही गोष्टी रिंगच्या बाहेर घडल्या. टेरिअरच्या परीक्षकाला आज मानकाचा कागद दिला जातो, आणि कुत्र्याच्या तपासण्यांचा कागद दिला जात नाही. १८७६ मध्ये छातीचा घेर ही बिळात उतरण्याआधी तपासण्याची गोष्ट होती. तितक्याच हक्काने यकृताचा अहवालही टेबलावर मागितला पाहिजे, आणि तो नसेल तर कितीही सुरेख उभ्या राहिलेल्या कुत्र्याला फीत देता कामा नये.