दगडांतील बाग

आग्र्यास यमुनेच्या डाव्या तीरावर नूरजहाननें १६२२ ते १६२८ या काळांत आपला पिता इतिमादुद्दौला याचा मकबरा बांधविला. त्याच्या संगमरवरी भिंतींत सुरूचे वृक्ष, फुलदाण्या व सुरया रंगीत पाषाणांनीं जडविलेल्या आहेत. इस्लामी कल्पनेंत स्वर्ग म्हणजे जलप्रवाहांनीं युक्त अशी बाग. म्हणून मृताभोंवतीं हीं न सुकणारीं फुलें. ताजमहालाच्या महाद्वारावरील कुराणवचनांचा शेवटही जिवाला स्वर्गांत येण्याचें आमंत्रण देऊनच होतो.

ही पच्चीकारी बादशाहीबरोबर लयास गेली नाहीं. आग्र्यांतीलच स्वामीबागेंत राधास्वामी पंथाचे प्रवर्तक शिवदयाल सिंह यांच्या समाधिमंदिराचें काम १९०४ मध्यें सुरू झालें, तें शंभरांहून अधिक वर्षें चाललें. उपासना निराळी, परंतु संगमरवरावर वेली, फुलें व फळें येथेंही आहेत.

कारागिराची रीति मूळचीच आहे. दगडाचा पातळ काप कुरुंदाच्या फिरत्या चाकावर घासून पाकळी घडवावयाची, तिच्या मापाची खांच संगमरवरांत कोरावयाची, पाकळी चिकटवून वर झिलई द्यावयाची. माप केसभर चुकलें तरी सांधा दिसतो.

आज त्याचा चरितार्थ बहुधा प्रवासी लोक विकत घेतात त्या तबकांवर व मेजांवर चालतो. त्यांवर बाग दिसते, परंतु तिचा पारलौकिक अर्थ घेणारास ठाऊक नसतो. नवीं देवालयें, मशिदी व समाध्या यांचें काम त्याच्या हातीं येत राहील, तरच तो अर्थ टिकेल.