चोवीसचा आकडा आणि औंधचे बैल

आधी एक खुलासा. आजचं औंध म्हणजे पुण्यातलं, ब्रेमेन चौकाजवळचं नाही. हे खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं औंध. तिथलं चित्रसंग्रहालय बघायला मी बाईकवर निघालो होतो. आदल्या रात्री पार्किंगमध्ये स्वतःच ऑइल बदललं. बीटेक केलंय, एवढं तर जमायलाच हवं ना! ऑइलच्या बोल्टसाठी पुस्तकात आकडा होता २४. नव्या टॉर्क रेंचवर २४ लावलं आणि पिळलं. शेवटी बोल्ट एकदम हलका फिरल्यासारखा वाटला. मी दुर्लक्ष केलं.

औंधला पोचलो तर इंजिनाखाली काळे थेंब. तिथल्या एका मिस्त्रींनी बोल्ट काढून दाखवला. इंजिनाच्या ॲल्युमिनियमचे आटे सोलून बोल्टला चिकटले होते. त्यांनी माझा रेंच हातात घेतला, त्यावरचे दोन्ही आकडेपट्टे बघितले आणि म्हणाले, "पावणं, आकडा बरोबर हाय. माप चुकलंय."

पुस्तकात होतं २४ न्यूटन-मीटर. मी लावलं होतं २४ फूट-पाउंड, म्हणजे साधारण ३२.५ न्यूटन-मीटर. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जोर. दिवसभर कोडमधले बग शोधणारा मी, एकक न वाचता इंजिन घेऊन बसलो!

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. आजीच्या जात्याचा खुंटा मधोमध नसतो, कडेला असतो. का? कारण जोर तोच ठेवून अंतर वाढवलं की फिरवणं सोपं जातं. जोर गुणिले अंतर, झाला टॉर्क. जोर कशात मोजला आणि अंतर कशात, यावर एकक ठरतं. सगळा घोळ तिथेच आहे.

आता हे गणित या मुलखात किती जुनं आहे बघा. औंध हे ७२ गावांचं छोटं संस्थान, तेही विखुरलेलं. थोडं साताऱ्यात, थोडं आजच्या सांगलीत. १९१० साली राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ कारखान्यासाठी दिला. तेच किर्लोस्करवाडी. तिथे लोखंडी नांगर बनले, कडबा कापायची यंत्रं बनली, उसाचे चरक बनले.

चरक म्हणजे टॉर्कचा धडाच. मधे लाटा, वर लांब आडवं लाकूड आणि टोकाला गोल फिरणारे बैल. समजा, जोडी मिळून ६० किलोच्या जोराने ओढतेय आणि लाकूड ३ मीटर लांब आहे. म्हणजे १८० किलो-मीटर. इथे किलो म्हणजे वजन, वस्तुमान नाही. म्हणून न्यूटन-मीटर करायला ९.८ ने गुणायचं. उत्तर येतं १७६५ च्या आसपास.

आता आपली ३५० सीसीची बुलेट घ्या. तिचं इंजिन देतं २७ न्यूटन-मीटर. म्हणजे बैलजोडी बुलेटला भारी? टॉर्कमध्ये, हो. पण बैल मिनिटाला अडीच फेरे मारतात आणि इंजिन हजारो. टॉर्कला वेगाची जोड दिली की शक्ती होते. त्या हिशेबात आपली जोडी जेमतेम ०.६ हॉर्सपॉवर आणि बुलेट २० च्या वर. गंमत म्हणजे हॉर्सपॉवरसुद्धा असाच जन्मला. जेम्स वॉटने १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात फिरणारा घोडा धरला, त्याची ओढ १८० पाउंड, तासाला १४४ फेरे. इंग्लंडचा चरकच म्हणा की!

मग एकाच गोष्टीला तीन मापं कुठून आली? फूट-पाउंड आलं इंग्रजांच्या यंत्रांबरोबर. किलो-मीटर हे युरोपातल्या मेट्रिक पद्धतीचं. जुन्या जपानी बाईकच्या पुस्तकांत ते अजून दिसतं. पण वजनावर आधारलेलं माप पृथ्वीच्या ओढीला बांधलेलं असतं. चंद्रावर किलोचं वजन बदलेल, बोल्ट थोडाच बदलणार? म्हणून न्यूटन. हे नाव आंतरराष्ट्रीय परिषदेने स्वीकारलं १९४८ साली. त्याच वर्षी ८ मार्चला औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं.

योगायोग असेल, पण मला तो भारी वाटला. आपल्याकडे शेर आणि पायलीचं माप गावागणिक बदलायचं. एका गावचा पायलीचा हिशेब दुसऱ्या गावी चालेलच असं नाही, आणि नुकसान कोणाचं? ज्याला माप कळत नाही त्याचं. १९५६ साली कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक मापं टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १९७६ च्या कायद्याने न्यूटनवाली एसआय पद्धत आणली. मला शाळेत हे सगळं कंटाळवाणं वाटायचं. आता वाटतं, एक माप असणं म्हणजे बाजारातल्या शेवटच्या माणसालाही पारखता येणं.

मिस्त्रींनी भोक जरा मोठं करून नवे आटे पाडले, जाड बोल्ट बसवला. मी रेंच पुढे केला. त्यांनी तो माझ्याच हातात ठेवला, "आता तुम्हीच आवळा, पण आधी वाचा."

तेवढं तुम्हीही करा. फूट-पाउंड असेल तर १.३६ ने गुणा, किलो-मीटर असेल तर ९.८ ने. आकडा नुसता कधी वाचू नका, त्याचं आडनावही वाचा. भेटू पुढच्या भागात!