गेमपॅड : फ्लाइट सिम्युलेटरमधील जुळणी

विमानाचा कल, नाकाचा चढउतार, इंजिनची शक्ती, फ्लॅप, ब्रेक इत्यादी नियंत्रणे गेमपॅडच्या दांड्यांवर, ट्रिगरवर व बटणांवर वाटून देणे आणि त्यांचा प्रतिसाद हाताला बसेल असा करून घेणे, म्हणजे गेमपॅडची जुळणी. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, एक्स-प्लेन, डीसीएस वर्ल्ड आणि मुक्त स्रोत असलेले फ्लाइटगिअर या सर्वांत ती करता येते.

एक्सबॉक्स पद्धतीच्या गेमपॅडवर दोन दांड्यांचे चार आणि दोन ट्रिगरचे दोन असे सहा अक्ष असतात. मायक्रोसॉफ्टच्या २०२० सालच्या आवृत्तीतील आयत्या मांडणीत डाव्या दांडीवर कल देणारा एलेरॉन व नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर, उजवीवर कॅमेरा आणि ट्रिगरवर नाक डावी-उजवीकडे वळवणारे रडर असते. इंजिनची शक्ती 'ए' व 'बी' बटणांवर ठेवलेली असते आणि त्यामागे पक्के कारण आहे. ही शक्ती कमी-जास्त करणारा थ्रॉटल जिथे ठेवावा तिथेच राहायला हवा; गेमपॅडची दांडी मात्र स्प्रिंगमुळे सोडताक्षणी मध्यावर परतते. म्हणून थ्रॉटलला दांडीपेक्षा बटणेच बरी. दांडी मागे ओढली की विमानाचे नाक वर जाते. इतर खेळांची सवय असलेल्यांना हे उलटे वाटते. तरी अक्ष उलटवू नये, कारण खऱ्या विमानातही तसेच होते.

जुळणीचा खरा कस प्रतिसादवक्रात, म्हणजे दांडी किती हलल्यावर विमानाचा नियंत्रण-पृष्ठभाग किती वळावा हे ठरवणाऱ्या वक्रात, लागतो. सेस्ना १७२ विमानाचे योक, म्हणजे हातात धरायचे सुकाणू, वीतभर मागेपुढे होते, तर अंगठ्याखालची दांडी जेमतेम एखादा सेंटिमीटर सरकते. दांडीचा प्रतिसाद सरळ रेषेत ठेवला, तर धावपट्टीकडे ६५ नॉट वेगाने उतरताना अंगठा किंचित हलला तरी नाक झपकन वर-खाली होते. ते सावरायला गेले की उलट दिशेने आणखी मोठा झोका बसतो. यावर उपाय म्हणजे वक्र मध्याजवळ मंद आणि टोकांकडे तीव्र करणे. दांडीच्या मापात तिचा घन निम्म्या प्रमाणात मिसळला, तर दांडी ३० टक्के हलल्यावर पृष्ठभाग सुमारे १६ टक्केच वळतो, पूर्ण दाबल्यावर मात्र पूर्ण वळतो. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये यासाठी संवेदनशीलता उणे करतात, डीसीएसमध्ये वक्रतेचा आकडा वाढवतात. आयती बटणे तशीच ठेवली तरी चालेल, हा आकडा मात्र पहिल्याच उड्डाणाआधी बदलावा. बाहेरचा कॅमेरा लावून, विमान उभे असतानाच दांडी हळूहळू ओढावी आणि शेपटीवरचा एलिव्हेटर किती उचलला जातो ते पाहावे. वक्र बरोबर आहे की नाही, हे तिथेच डोळ्यांना दिसते.

दांडी मध्याजवळ असताना हालचाल न मानणारा पट्टा म्हणजे डेडझोन. विंडोजच्या एक्सइनपुट प्रणालीत डाव्या दांडीसाठी सुचवलेला डेडझोन ३२,७६७ पैकी ७,८४९, म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश आहे. धावपळीच्या खेळांना तो चालतो. उड्डाणाला फार होतो, कारण नेमक्या त्याच पट्ट्यात बारीक दुरुस्त्या कराव्या लागतात. नव्या गेमपॅडला पाच ते दहा टक्के पुरतात. वापराने दांडीखालचे पोटेन्शियोमीटर झिजले, की हात न लावताही विमान एका बाजूला कलते. मग डेडझोन थोडा वाढवावा लागतो. हॉल इफेक्ट सेन्सरच्या दांड्यांत घासणारा संपर्कच नसल्याने ही झीज होत नाही.

दांडी न धरताही नाक जागी ठेवणाऱ्या ट्रिमकडे नवशिक्यांचे हमखास दुर्लक्ष होते. ट्रिम लावला नाही, तर सरळ उड्डाणातही दांडी सतत दाबून धरावी लागते आणि अंगठा भरून येतो. एलिव्हेटर ट्रिम चौदिशी बटणाच्या वर-खाली दिशांना द्यावा. वेग आणि शक्ती ठरल्यावर दांडी सुटल्यानंतरही नाक जागचे हलत नाही, इथपर्यंत तो टप्प्याटप्प्याने द्यायचा असतो. बटणे अपुरी पडली, तर डीसीएसमध्ये बंपरला मॉडिफायर करून प्रत्येक बटणाला दुसरे काम देता येते. हेलिकॉप्टरसाठी मात्र वेगळा प्रोफाइल ठेवावा. तिथे कलेक्टिव्ह, म्हणजे वरच्या पात्यांचा कोन एकत्र बदलणारा दांडा, सारखा वर-खाली करावा लागतो आणि पायाच्या पेडलना क्षणाचीही उसंत नसते.