पाठीखालची ऊब : ट्रेकसाठी मॅट निवडताना

ट्रेकला निघताना बूट, सॅक आणि स्लीपिंग बॅग यांची चौकशी सारेच करतात. अंगाखाली अंथरायच्या मॅटकडे मात्र शेवटी लक्ष जाते. डिसेंबरात हरिश्चंद्रगडाच्या गुहेत मुक्काम केलेल्यांना ही चूक पहाटे उमगते. वरून उबदार पांघरूण असूनही पाठ गारठते, झोप होत नाही आणि दुसऱ्या दिवशीची अवघड उतरण थकल्या पायांनी करावी लागते.

स्लीपिंग बॅगची ऊब तिच्या भरावात अडकलेल्या हवेमुळे टिकते. शरीराच्या भाराने पाठीखालचा भराव दबला, की ती हवा निघून जाते आणि अंगातील उष्णता थेट कातळात उतरू लागते. म्हणूनच मॅटचे पहिले काम जमिनीचा गारवा रोखण्याचे आहे, मऊपणा त्यानंतरचा.

मॅटचे तीन प्रकार

पहिला प्रकार फोमच्या मॅटचा. ट्रेकर मंडळी तिला सरसकट ‘कॅरीमॅट’ म्हणतात. मुळात हे ब्रिटनमधील कॅरिमोर कंपनीच्या मॅटचे नाव होते. एक ते दोन सेंटीमीटर जाडीची ही मॅट स्वस्त आणि हलकी असते. तिच्यातील हवेचे कप्पे बंद असल्याने ती पाणी शोषत नाही आणि काटा रुतला तरी निकामी होत नाही. मात्र ती जागा फार व्यापते आणि कुशीवर झोपणाऱ्याच्या कमरेला खालचा दगड टोचतो. वर्षानुवर्षे वापरून चपटी झालेली मॅट थंडीही कमी अडवते.

दुसरा प्रकार आपोआप फुगणाऱ्या मॅटचा. झडप उघडताच आतील स्पंज फुलतो आणि हवा ओढून घेतो. उरलेली हवा तोंडाने भरावी लागते. आराम आणि ऊब यांचा चांगला मेळ हिच्यात असला, तरी वजन अधिक असते.

तिसरी हवेची मॅट. पाच ते दहा सेंटीमीटर फुगणारी ही मॅट घडी घातल्यावर पाण्याच्या बाटलीएवढी होते. मात्र आत भराव किंवा उष्णता परतवणारा पडदा नसेल, तर आतली हवा खेळती राहून अंग गार पडते. शिवाय पंक्चरची धास्ती असतेच.

आर-व्हॅल्यू पाहावी

मॅट थंडी किती अडवते, हे ‘आर-व्हॅल्यू’ या आकड्यावरून कळते. आकडा जितका मोठा, तितकी ऊब अधिक. पूर्वी प्रत्येक कंपनीची मोजण्याची रीत वेगळी होती. २०१८ मध्ये ‘एएसटीएम एफ ३३४०’ हे समान मानक आल्यावर तुलना सोपी झाली. सह्याद्रीतील उन्हाळ्यासाठी १ ते २, हिवाळ्यातील मुक्कामासाठी २ ते ३, हिमालयातील उंचावरील तळांसाठी ४ च्या आसपास आणि बर्फावर झोपायचे असल्यास ५ हून अधिक, असा ढोबळ हिशेब ठेवावा. दोन मॅट एकावर एक अंथरल्यास त्यांच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते. हवेच्या मॅटखाली फोमची मॅट घातल्यास ऊब वाढते आणि काट्यांपासून बचावही होतो.

खरेदी आणि निगा

दुकानात मॅट अंथरून तिच्यावर कुशीवर झोपून पाहावे. कंबर जमिनीला टेकत असेल, तर ती आपल्यासाठी नव्हे. साधारण १८३ सेंटीमीटर लांब आणि ५१ सेंटीमीटर रुंद हे प्रचलित माप आहे. वजन कमी करायचे असल्यास आखूड मॅट घेऊन पायांखाली रिकामी सॅक ठेवता येते. फुगवण्याची मॅट घेताना कापड जाड आहे ना आणि सोबत ठिगळांचा संच आहे ना, हे तपासावे.

मॅट सॅकच्या बाहेर बांधल्यास करवंदीच्या जाळ्यांत फाटते, तेव्हा तिला जाड पिशवी घालावी. हवा गळत असल्यास सायकलच्या ट्यूबप्रमाणे फुगवलेली मॅट पाण्यात दाबावी, बुडबुड्यांची जागा खुणेने धरावी आणि पूर्ण वाळवूनच ठिगळ लावावे. घरी आल्यावर स्पंजची मॅट झडप उघडी ठेवून पसरून ठेवावी. गुंडाळून ठेवल्यास स्पंज फुलेनासा होतो. कडक उन्हातही ती फार वेळ ठेवू नये.

नवी मॅट घेतल्यावर पहिली रात्र घरच्या फरशीवर काढावी. उणीव असेल तर ती गडावर नव्हे, घरीच कळलेली बरी.