शेततळ्यातील माशांना रोज खाद्य किती?
संत्रा बागायतीच्या कळमेश्वर (जि. नागपूर) परिसरात शेततळ्याच्या पाण्यावर कटला, रोहू, मृगळ या माशांचे संवर्धन करता येते. मात्र, निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावरच होत असल्याने त्याची मात्रा अंदाजाने ठरविणे परवडत नाही.

ही मात्रा माशांच्या एकूण वजनावरून काढतात. दर पंधरवड्याला जाळे टाकून काही मासे तोलावेत व सरासरी काढावी. समजा, १००० बोटुकली सोडली, त्यांतील ८० टक्के जगली आणि सरासरी वजन १०० ग्रॅम भरले, तर तळ्यात ८० किलो मासे आहेत. ३ टक्के दराने रोजचे खाद्य २.४ किलो होते. लहान माशांसाठी हा दर ५ टक्क्यांपर्यंत, तर मोठ्यांसाठी २ टक्के ठेवतात. भाताचा कोंडा व शेंगदाणा पेंड समप्रमाणात मिसळून सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावी.

मेलेल्या माशांची वजावट न केल्यास खाद्य जास्त पडते. ते कुजून पाण्यातील प्राणवायू घटतो व पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तडफडू लागतात. ढगाळ हवामानात व कडाक्याच्या थंडीत मात्रा कमी करावी. तळ्यात टांगलेल्या ट्रेमध्ये खाद्य शिल्लक राहिल्यास दुसऱ्या दिवशी ते आणखी घटवावे.