मुक्कामी गाडी (गिर्यारोहण)

मुक्कामी गाडी : डोंगरचढाईच्या सहलीत तळ म्हणून वापरायची मोटार. तिच्यात झोपता येते, तिच्याजवळ शिजवता येते आणि दोर, हार्नेस, हेल्मेट हे सामान कुलपात ठेवता येते. अमेरिकेत यासाठी ट्रक कॅम्पर वापरतात. पिकअपच्या हौद्यात बसणारी ही एक सुटी खोली असते. तिचा पलंग ड्रायव्हरच्या केबिनवर पुढे आलेला असतो. चार कोपऱ्यांचे जॅक खाली सोडून खोली उचलली की गाडी खालून निघून जाते. तळ जागेवर राहतो आणि गाडी बाजारहाट करायला किंवा जखमीला दवाखान्यात न्यायला मोकळी होते. गाडीतच संसार मांडून कड्याखाली महिनोन्‌महिने राहणारे गिर्यारोहक तिकडे पुष्कळ आहेत. ३ जून २०१७ रोजी एल कॅपिटनचा कडा दोराविना चढून गेलेला ॲलेक्स होनल्ड कित्येक वर्षे व्हॅनमध्येच राहत होता.

बेळगाव-निपाणी सीमाभागात अशा तयार खोलीचे चलन नाही. तिचे काम ताडपत्रीचा पिकअप, टेम्पो, सुमो किंवा बोलेरो करते. नोंदीचे नाव मात्र इथल्याच बोलण्यातले आहे. संध्याकाळी शेवटच्या गावी पोचणारी, रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे परत फिरणारी ती मुक्कामी एसटी. स्वतःची गाडी नसलेल्या डोंगरभटक्यांच्या कित्येक पिढ्या तिच्याच भरवशावर गडांच्या पायथ्याला पोचल्या. मुक्काम देवळात, पाणी गावच्या विहिरीचे आणि चूल तीन दगडांची. आजची मुक्कामी गाडी या तिन्ही गोष्टी सोबत घेऊन येते, इतकाच फरक.

वाहनात संसार मांडण्याची रीत या मुलखाला नवी नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास सौंदत्तीच्या यल्लमा डोंगरावर कोल्हापूर-बेळगावकडची कुटुंबे ट्रक-टेम्पो घेऊन जातात आणि गाडीच्या आडोशालाच चूल मांडतात. ज्योतिबाच्या चैत्र यात्रेला बैलगाड्या जुंपून जाण्याची परंपराही इथे आहे. ओझे कसे बांधावे, ताडपत्रीला उतार कसा द्यावा, उतारावर चाकाला दगडाची उटी कुठे लावावी, हे ज्ञान जत्रेकरूंकडे आधीपासून होते. गिर्यारोहकांनी ते उचलले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

या भागात मुक्कामी गाडी उपयोगी पडते ती मुख्यतः खडकामुळे. दख्खनचा काळा पाषाण बेळगावच्या आसपास संपत येतो. पश्चिमेला चंदगड-आंबोलीकडे माथ्यांवर जांभा आहे. पूर्वेला घटप्रभा-मलप्रभेच्या खोऱ्यांत वालुकाश्म लागतो. पाऊसही तसाच विभागलेला आहे. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर बदामीकडे त्याचा दहावा हिस्साही पडत नाही. गाडी बेळगावात उभी असली की पावसाळा सरताना पश्चिमेचे गड आणि हिवाळ्यात पूर्वेचे कडे, असा हंगाम लावता येतो.

पश्चिमेला चंदगड तालुक्यात पारगड, कलानिधिगड, महिपाळगड आणि गंधर्वगड हे चार किल्ले आहेत. बेळगाव-वेंगुर्ले रस्त्याने हिंडलगा सोडले की शिनोळीला महाराष्ट्राची हद्द लागते. परंपरेनुसार पारगड शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये वसवला आणि तानाजींचे पुत्र रायबा मालुसरे यांना तिथले किल्लेदार नेमले. मालुसऱ्यांचे वंशज आजही गडावर राहतात. निपाणीकरांना संकेश्वरजवळचा वल्लभगड आणि गडहिंग्लजजवळचा सामानगड जवळ पडतात. पण यातला एकही गड दोर लावून चढायचा नाही. या सगळ्या पायवाटेच्या आणि पायऱ्यांच्या चढाया आहेत. महिपाळगड आणि गंधर्वगड यांच्या माथ्यावर तर वस्ती आहे आणि तिथवर रस्ताही जातो. अशा ठिकाणी गाडी वर नेणे म्हणजे चढाईच हरवून बसणे. महिपाळगडासाठी गाडी देवरवाडीला वैजनाथाच्या देवळाजवळ ठेवावी आणि पायी निघावे, हेच खरे. गाडी तळ आहे तोवर तिचा उपयोग; ती माथ्यावर गेली की गिर्यारोहणाला तिचे काम उरत नाही.

दोराच्या चढाईसाठी बेळगावकराला पूर्वेकडे बदामी गाठावी लागते. बैलहोंगल, सौंदत्ती या वाटेने तिथे जाता येते. सहाव्या शतकात चालुक्यांनी ज्या तांबड्या वालुकाश्मात लेणी खोदली (तिसऱ्या लेण्यातला शिलालेख शके ५००, म्हणजे इ. स. ५७८चा आहे), त्याच जातीच्या खडकावर आज बोल्ट ठोकलेले मार्ग आहेत आणि देशातल्या प्रमुख प्रस्तरारोहण केंद्रांत बदामीची गणना होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा इथला हंगाम. तेव्हाही दुपारचे ऊन खडक तापवते आणि घामेजलेली बोटे कपारीत टिकत नाहीत. म्हणून आदल्या रात्री पोचून उजाडताच दोर बांधणे आणि ऊन अंगावर येण्याआधी दोन मार्ग उरकणे, हा मुक्कामी गाडीचा सर्वांत मोठा लाभ आहे. ओला वालुकाश्म ठिसूळ होतो. पाऊस झाला तर एक-दोन दिवस थांबायचे असते आणि थांबण्याचा धीर गाडीत अंथरूण असले की सहज येतो.

हौद्याची मांडणी साधी असते. फाळका खाली सोडला की कमरेइतक्या उंचीचा ओटा मिळतो. त्यावर शेगडी आणि बाजूला वीस लिटरचा पाण्याचा जार. जड वस्तू तळाला आणि मागच्या आसाच्या पुढे ठेवायच्या. पाच जणांना दोन दिवसांसाठी पिण्या-शिजवण्याचे पन्नास लिटर पाणी घेतले तर तेच पन्नास किलो होते. मालवाहू पिकअपची क्षमता टनाच्या वर असते, त्यामुळे स्प्रिंगच्या पाट्यांना हा भार जाणवतही नाही. पण उंच टपावर सामान बांधले तर निपाणीजवळच्या तवंदी घाटाच्या वळणांवर गाडी झोलते. खाण्यात ज्वारीची भाकरी, ठेचा, चुरमुरे आणि बेळगावचा कुंदा. दूध आटवून केलेला कुंदा थंडीत दोन-तीन दिवस सहज टिकतो आणि चढाईच्या मध्ये घासभर खाल्ला तरी तरतरी येते.

दोराची जागा मात्र विचार करून ठरवावी लागते. नायलॉनच्या दोराला बॅटरीतल्या आम्लाचा नुसता ओघळ लागला, वाफ लागली, तरी आतले धागे कुजतात आणि वरून काहीच दिसत नाही. दोर पूर्वीसारखाच रंगीत आणि मऊ राहतो, पण झटका बसला की तुटतो. घरातल्या माळ्यावर हा धोका नसतो, गाडीत असतो. जादा बॅटरी, डिझेलचा कॅन आणि दोर एका कोपऱ्यात कधीही ठेवू नयेत. दोराला स्वतंत्र पिशवी हवी. बदामीहून परतल्यावर वालुकाश्माची बारीक रेती काढण्यासाठी तो साध्या पाण्यात धुवून सावलीत वाळवावा.

दुसरा जीवघेणा धोका बंद गाडीतल्या धुराचा. थंडीत काचा लावून आत शेगडी किंवा कोळशाची शेकोटी ठेवली, अथवा इंजिन चालू ठेवून झोपले, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो. झोपलेला माणूस जागाच होत नाही. शिजवणे बाहेरच करावे, तेही कड्याच्या थेट खाली नको. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर वर जाणारा धूर माश्यांना उठवतो आणि दोरावर लटकलेल्याला पळायला जागा नसते.

कायद्याने हौद्यात माणसे बसवून नेता येत नाहीत. मालवाहू गाडीचा हौदा प्रवासासाठी नाही. हौद्यावर कायमची खोली बसवायची तर मोटार वाहन अधिनियम १९८८चे कलम ५२ आड येते. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. परिवहन कार्यालयाच्या मंजुरीशिवाय असे काम ऑटोनगरात करून घेणे म्हणजे अपघातानंतर विम्यावर पाणी सोडणे. सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. बेळगावची केए २२ किंवा चिकोडीची केए २३ क्रमांकाची मालवाहू गाडी शिनोळीला वा कोगनोळीला हद्द ओलांडते, तेव्हा गाडीच्या वजनानुसार परराज्याचा परवाना लागू शकतो. खासगी पांढऱ्या पाटीच्या जीपला ही अडचण नसते. लहान गट जीपच पसंत करतात ते यामुळेही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण त्याचा रोख पर्यटकांच्या सुसज्ज गाड्यांवर आहे, चढाईच्या तळावर नाही.

रात्री गाडी कुठे उभी करायची, हे गावाला विचारूनच ठरते. शाळेचे पटांगण, देवळासमोरची मोकळी जागा किंवा खळे यांपैकी काहीतरी मिळतेच. सुगीत मात्र खळे मागू नये. खानापूर तालुक्यातला भीमगड अभयारण्यात आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही आणि रात्रीचा मुक्काम तर नाहीच. भीमगडाच्या जंगलातल्या बारापेडे गुहांत रॉटनचे वटवाघूळ हे अतिदुर्मिळ वटवाघूळ राहते. गाडीचे दिवे आणि माणसांचा गोंगाट तिथवर पोचू नये, यासाठी हा नियम कडक असणेच योग्य आहे. बदामीतही लेण्यांच्या आणि तटबंदीच्या परिसरात गाडी लावून राहता येत नाही. गावाबाहेर, शेतमालकाच्या संमतीने जागा घ्यावी लागते. तिथली माकडे सराईत आहेत. फाळका उघडा टाकून दोरावर गेलेल्यांचा कुंदा परत येईपर्यंत शिल्लक राहत नाही.