येरवड्याचा काळा पाषाण आणि कॅमेरा

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातील भेगांतून उसळलेल्या लाव्हारसाचे थरांवर थर साचून जे दख्खनचे पठार घडले, त्याच्याच काळ्या पाषाणावर येरवडा वसलेला आहे. आणि 1864 साली सर बार्टल फ्रियर यांनी ज्याची कोनशिला बसविली ते डेक्कन कॉलेज काय किंवा मुळामुठेवरील 1867 चा फिट्झजेराल्ड पूल काय, येथील नामांकित वास्तूंनी आपले अंग याच पाषाणातून घेतले.

या पाषाणाकडे कॅमेरा वळला तो मात्र माणसाचा टाकी-हातोडा जेथे आधीच पोहोचला होता तेथे. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढे दहा वर्षांनी मेजर रॉबर्ट गिल यांनी टिपलेली, अशाच पाषाणात कोरलेल्या लेण्यांची 74 छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह ग्रंथरूपाने निघाली. उघडा खडक मात्र दुर्लक्षित राहिला, याचे खापर केवळ साहेबाच्या अभिरुचीवर फोडणे मला न्याय्य वाटत नाही. त्या काळच्या कॅमेऱ्यातील कोलोडियन हे रसायन लावलेली काच ओली असतानाच वापरावी व जागेवरच धुवावी लागे, ती प्रकाशात काही सेकंद तरी उघडी ठेवणे प्राप्त असे, आणि निळ्या किरणांना ती जितकी तत्पर तितकीच पिवळ्या-तांबड्यांना मंद. निश्चल लेणे तिच्यावर रेखीव उमटे. पण श्रावण-भाद्रपदात खडकावरच्या बोटभर मातीत वाऱ्याने डोलणारी पिवळी सोनकी तिच्या लेखी जवळजवळ नव्हतीच.

महसुली दप्तरानेही अशा जमिनीवर ‘पोटखराब’ असा शेरा मारला. त्या शेऱ्याचा अर्थ लागवडीस अयोग्य एवढाच. परंतु व्यवहारात तो निरुपयोगी असा घेतला गेला, आणि टेकड्यांचे उतार खाणपट्ट्यांत गेले. वडार समाजाच्या पिढ्यांनी घण आणि पहार चालवून पुणे शहराला दगड पुरविला, त्या श्रमांचे ऋण मोठे आहे. परंतु खडकावरचा तो पातळ थर एकदा उकरला गेला की पुन्हा साचण्यास माणसाचे आयुष्य पुरत नाही. नगर रस्त्याने पुढे वाघोलीच्या खाणींत, लाव्ह्यातील पोकळ्यांमध्ये, कॅव्हन्साइट या खनिजाचे निळेशार स्फटिक सापडले व जगभरच्या संग्राहकांनी ते नावाजले. ज्या कड्यातून ते निघाले त्याची छबी मात्र क्वचितच कोणी जपली.

आजच्या कलावंताजवळ रंग टिपणारी साधने आहेत आणि क्षणाच्या सहस्रांशात डोलते फूल स्थिर करण्याची सोय आहे. त्याने ग्रीष्मातला उघडा खडक, पावसाळ्यातले त्याचे हिरवे अंग आणि सुरुंगाने उघडी पडलेली खाणीची भिंत एकाच जागेवरून, तिथी व स्थळ नोंदवून, वर्षानुवर्षे टिपावी. खाणपट्ट्याची मुदत वाढविताना सरकारी मिसलीत ही छायाचित्रे लावण्याचा आग्रह पुणेकरांनी धरावा.